जुन्या ८०० च्या सीटा घरी शिवायच्या आहेत? मग आधी उसवायला बसा

पहिलेच सांगतो, मी टेलर नाही. अमळनेरला मोटर वाइंडिंगचं काम करतो, म्हणजे हाताला तार आणि पक्कड माहीत, सुईदोरा नाही. दारात १९९८ ची मारुती ८०० उभी आहे, इंजिनचं काम झालं, पत्र्याचं झालं, रंग झाला, आणि आत बसलं की ड्रायव्हर सीटमधून स्पंज बाहेर आलेला, त्याच्यावर चार वर्षांपासून एक टॉवेल. रेडीमेड कव्हर आणून चढवून पाहिले, दोन महिन्यात ढिले पडले आणि ब्रेक मारला की बुडाखालून सरकायला लागले. मग ठरवलं की आपणच शिवू, आईचं काळं मशीन घरात पडलंच आहे.

गावात एक म्हातारे कुशनवाले चाचा आहेत, जीपचे हूड आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवण्यात आयुष्य गेलं त्यांचं. त्यांना विचारायला गेलो की चाचा शिवायचं कसं ते दाखवा, तर मान वर न करता म्हणाले, "भो, पहिले उसवाले शिक, मंग शिवाले." मला वाटलं टाळताय. पण अख्खं काम संपल्यावर कळलं की त्या एका वाक्यातच सगळं होतं. सीट शिवण्यात अवघड असं फार काही नाही, सरळ टाका मारता आला की बस. खरी अक्कल जुनं कव्हर उसवताना मिळते, कारण कंपनीने कुठला तुकडा कुठे, कोणत्या क्रमाने, किती मार्जिन ठेवून जोडला ते सगळं त्या फाटक्या कव्हरमध्ये लिहून ठेवलेलं असतं. म्हणून या लेखात शिवण्यापेक्षा उसवण्यावर जास्त लिहिणार आहे.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट. हे सगळं जुन्या गाडीसाठी आहे, ८०० सारखी, पद्मिनी, जुनी जीप, ज्यात सीटमध्ये वायर वगैरे काही नाही. तुमच्या गाडीच्या सीटच्या बाजूला एअरबॅगचं लेबल शिवलेलं असेल तर हात लावू नका, त्या बाजूची शिलाई मुद्दाम ठरावीक ताकदीला फाटेल अशी केलेली असते आणि आपण तिथे मजबूत दोरा मारला तर अपघातात बॅग वेळेवर बाहेर येणार नाही. आणि सीट बेल्ट, त्याचं बक्कल, त्याचे बोल्ट यांच्याशी कुठल्याही गाडीत कारागिरी नको.

सीट बाहेर काढणं

सीट पूर्ण पुढे सरकवा, मागचे बोल्ट दिसतात ते काढा, मग पूर्ण मागे सरकवा आणि पुढचे काढा. गोटी पान्याचा सेट असला की झालं. बोल्ट गंजलेले असतील तर जोर लावून गोल करू नका, रात्री गंज काढायचा स्प्रे मारून ठेवा, सकाळी सुटतात. सीटखाली काय सापडेल सांगता येत नाही, माझ्या गाडीत उंदराने सरकी आणि शेंगांच्या टरफलांचं गोदाम केलं होतं, त्यात दोन रुपयाची चार नाणी आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. एकावेळी एकच सीट काढा. दुसरी जशीच्या तशी गाडीत राहू द्या, अडलं की जाऊन बघायला नमुना राहतो. मी पहिल्या दिवशी उत्साहात दोन्ही काढल्या आणि मग कुठली तार कुठल्या बाजूला होती याच्यावर एक अख्खा रविवार गेला.

उसवणं

सीट उलटी टाकली की खाली कव्हरच्या कडेला लोखंडाच्या छोट्या रिंगा दिसतील, कव्हरला फ्रेमशी बांधून ठेवणाऱ्या. त्या कटरने कापा, ओढून तोडू नका नाहीतर स्पंजही येतो बरोबर. कव्हर निघालं की आतल्या बाजूला कापडाच्या पट्ट्या शिवलेल्या दिसतील आणि त्यात तार ओवलेली असेल, पायजम्याच्या नेफ्यात नाडी असते ना अगदी तसंच. ही तार फार महत्त्वाची आहे, तिच्यामुळे कव्हर मधल्या खोलगट भागात आत ओढलं जातं, नाहीतर सीट फुगलेल्या उशीसारखी दिसेल. तारा काढा, प्रत्येकीला कागदी चिकटपट्टी लावून "पुढची आडवी", "डावी उभी" असं लिहा, वाकल्या असतील तर सरळ करून बाजूला ठेवा, त्याच परत वापरायच्या.

आता थांबा आणि ब्लेड खाली ठेवा. कव्हर उसवण्याआधी मार्कर घ्या. प्रत्येक तुकड्यावर तीन गोष्टी लिहायच्या: नंबर, वरची दिशा दाखवणारा बाण, आणि डावा की उजवा. डावा म्हणजे सीटवर बसल्यावर आपला डावा, समोरून बघताना नाही, हे एकदा ठरवून घ्या. मग प्रत्येक शिलाईवर दर तीन-चार इंचाला एक आडवी रेघ मारा, अशी की ती शिलाईच्या दोन्ही बाजूंच्या तुकड्यांवर येईल. उसवल्यावर हीच रेघ दोन्ही तुकड्यांवर अर्धी-अर्धी राहते, आणि नवीन शिवताना रेघेला रेघ जुळवली की वळणावर एक तुकडा लांब आणि दुसरा आखूड अशी बोंब होत नाही. मोबाईलवर फोटोही काढा, आतून बाहेरून दोन्हीकडून, पण रेघांना पर्याय नाही.

उसवताना क्रम वहीत लिहा. जी शिलाई सगळ्यात वर आहे ती कंपनीने सगळ्यात शेवटी मारलेली, म्हणजे तुम्ही ज्या क्रमाने उसवाल त्याच्या बरोब्बर उलट क्रमाने शिवायचं. माझ्या वहीत सतरा ओळी झाल्या होत्या आणि शिवताना मी फक्त खालून वर वाचत गेलो. ब्लेडने उसवाल तर दोरा कापा, तुकडा नाही, कारण फाटका का असेना तोच आपला पॅटर्न आहे.

पॅटर्न

जुने तुकडे वर्षानुवर्षं बसून बसून ताणलेले असतात, म्हणून तसेच रेक्झिनवर ठेवून कापू नका. तुकडा सपाट करा, सुरकुत्या असतील तर थोडा वेळ उन्हात टाका म्हणजे मऊ पडतो, मग भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदावर ठेवून कडेने आखा. जुन्या शिलाईच्या भोकांची ओळ दिसते, ती पण सुईने टोचून कागदावर घ्या, ती खरी शिलाईची रेघ. तिच्यापासून बाहेर सगळीकडे सारखं अर्धा इंच मार्जिन धरा, कंपनीने कुठे कमी कुठे जास्त ठेवलेलं असतं, आपण सगळीकडे एकच ठेवलं तर मशीनवर हिशोब सोपा जातो. डावा आणि उजवा एकमेकांवर ठेवून बघा, साधारण सारखे निघाले पाहिजेत. ड्रायव्हर सीटचा दाराकडचा तुकडा चढून-उतरून घासलेला असतो, त्याचा आकार बिघडलेला असेल तर दुसऱ्या बाजूचा तुकडा उलटा करून आखा.

मग दुकानातून दोन-तीन मीटर मांजरपाट आणा आणि त्याचं एक कच्चं कव्हर शिवा. माहीत आहे, सगळ्यांना हे काम टाळायचं असतं. मी पण टाळलं होतं पहिल्या सीटला. परिणाम काय, रेक्झिन कापलं, दोन्ही बाजूचे तुकडे एकाच पॅटर्नवरून कापले, कागद पलटवायचा विसरलो, आणि हातात आले दोन डावे. रेक्झिनला सुलटी-उलटी बाजू असते, डावा तुकडा फिरवून उजवा होत नाही. पाऊण मीटर माल कचऱ्यात, आणि आई दारातून म्हणते, "काय करी ऱ्हायना तू, दोन्ही हात डावाच शेतस का तुना?" त्यामुळे मांजरपाट. त्याच्यावर चूक झाली तर दुरुस्ती पेनने करा आणि तीच कागदावर उतरवा.

माल कुठला घ्यायचा

इथे मी थोडा हट्टी आहे. इंटरनेटवर सगळे काळं रेक्झिन, लाल दोरा, चौकटीची क्विल्टिंग (फोमसकट मारलेल्या शिलायांची नक्षी) असलं दाखवतात. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, बंद गाडी उन्हात तासभर उभी राहिली की आतलं काळं रेक्झिन तव्यासारखं होतं, वर बसलेला माणूस उठून उभा राहतो. त्यामुळे माझं मत, जिथे पाठ आणि मांड्या टेकतात त्या मधल्या भागाला जाड कापड लावा, ज्यातून हवा खेळते, आणि कडेला, जिथे घासतं तिथे रेक्झिन. रंग फिका, बिस्किट किंवा राखाडी. मळेल, पुसता येईल. अगदीच सगळं रेक्झिन हवं असेल तर मध्ये बारीक भोकांचं घ्या.

रेक्झिन घेताना मागची बाजू बघा. विणलेलं, थोडं ताणणारं अस्तर असेल तर वळणावर छान बसतं, कागदासारखं कडक अस्तर असेल तर ते सोफ्याचं किंवा बॅगचं आहे, परत ठेवा. पन्हा बहुतेक ५४ इंच असतो. जाडी एक मिलीमीटरच्या आसपास बस, त्याहून जाड घेतलं तर चार थर एकत्र आले की घरचं मशीन हात टेकतं. एक तुकडा घडी घालून नखाने दाबा, पांढरी रेघ उमटून तशीच राहिली तर तो माल उन्हात तडकणार. कोपऱ्याचा छोटा तुकडा मागून आणा आणि घरी अंगणात चिमट्यात धरून काडी लावून बघा, धूर नाकात घेऊ नका. भसकन पेट घेऊन थेंब टपकत असतील तर असला माल गाडीत नको. गाडीच्या आतल्या मटेरियलच्या जळण्यासाठी आपल्याकडे आयएस १५०६१ हे स्टँडर्ड आहे, ऑटोमोबाईलवाला माल म्हणून देणाऱ्या दुकानदाराला एकदा विचारून तर बघा, चेहऱ्यावरून कळतं. मला पुढच्या दोन आणि मागची सीट मिळून सगळं साडेपाच मीटर लागलं, वर सांगितलेला पाऊण मीटर धरून. आमच्याकडून सुरत लाइनची गाडी आहे त्यामुळे कापड मी तिकडून आणलं, रेक्झिन मात्र जळगावातच हात लावून घेतलं, कारण दोन्ही गोष्टी फोटोवरून कळत नाहीत.

दोरा कॉटनचा अजिबात नको, घामाने आणि उन्हाने सडतो. पॉलिस्टरचा जाड दोरा घ्या, नायलॉन मजबूत असतो पण उन्हात पॉलिस्टर जास्त टिकतो. घरच्या मशीनला टेक्स ७० (टेक्स म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप) पर्यंतचा चालतो, बॉबिनमध्येही तोच.

स्पंज

कव्हरच्या नादात स्पंज विसरतात लोक. खाली स्प्रिंग आणि स्पंज यांच्यामध्ये एक जाडसर कापड असतं, ते फाटलं की स्प्रिंग स्पंजला खात जाते. तिथे बारदान वापरा, धुऊन वाळवून, दुहेरी करून. आपल्याकडे कुठल्याही घरात एक तरी पोतं सापडतं. दबलेल्या जागी चाळीस डेन्सिटीचा फोम कापून चिकटवा, कापायला हॅक्सॉ ब्लेड चांगलं चालतं. चिकटवायला फेविकॉलचं एसआर ५०५ वगैरे रबरवालं, पांढरं लाकडाचं नाही. दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. डब्यावर वेळ लिहिलेली असते पण एप्रिलमध्ये आपल्याकडे त्याच्या निम्म्या वेळात वाळतं, म्हणून थोड्या थोड्या भागाला लावा. दारं उघडी ठेवा, आणि बिडी-सिगरेटवाल्या मित्राला त्या दिवशी बोलवू नका.

आणि हो, घरचा कापूस भरायचा मोह सगळ्यांना होतो, खान्देशात तर होणारच. नका भरू. गादीत ठीक आहे, वर्षाला पिंजून घेता येतो, गाडीत त्याचे गोळे होतात आणि पावसाळ्यात ओल धरतो.

मशीन

साधं काळं घरगुती मशीन, पायडलवालं, दोन-तीन थर रेक्झिन शिवतं. मोटर लावलेली असेल तर काढा, नवशिक्याला पायाचा वेगच बरा. सुई १६ किंवा १८ नंबरची. चामड्याची म्हणून पातं असलेली सुई मिळते, ती रेक्झिनला नको, ती भोक पाडत नाही तर चीर पाडते. जाड जोड आला की पाय सोडा आणि चाक हाताने फिरवा. कुणाकडे अंब्रेला मशीन, म्हणजे जाड कामाचं भारी मशीन, असेल तर सोन्याहून पिवळं, २१ नंबरची सुई लावा आणि पायपिंगसकट (जोडात दोरी घालून केलेली गोल कड) सगळं एका दमात होतं. मी कच्चं काम घरी केलं आणि पायपिंगच्या चार-पाच थरांच्या शिलाया चाचांकडे बसून त्यांच्या मशीनवर मारल्या, चहाच्या बदल्यात.

टाका लांब ठेवा, चार ते पाच मिलीमीटर. ब्लाऊजसारखा बारीक टाका मारला तर रेक्झिनला भोकांची रांग पडते आणि पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेघेवर फाटतं. त्याच कारणाने चुकलेली शिलाई उसवून परत तिथेच मारता येत नाही, भोकं बुजत नाहीत. म्हणून टाचण्या पण लावायच्या नाहीत, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा किंवा मार्जिनमध्ये स्टेपलर मारा. मशीनचा पाय रेक्झिनला चिकटून अडतो, त्याच्या तळाला सेलोटेपचा तुकडा चिकटवा किंवा रेघेवर थोडी पावडर टाका. आणि खऱ्या तुकड्याला हात लावायच्या आधी कातरणांवर निदान अर्धा तास नुसत्या रेघा मारा, सरळ, गोल, कोपरे. खाली दोऱ्याचा गुंता दिसला तर बहुतेक वेळा वरचं टेन्शन ढिलं असतं.

शिवणं

वही उलटी वाचायला सुरू करा. सगळ्यात आधी मधले सपाट भाग. त्यांच्या मागे पाच मिलीमीटरचा पातळ फोम चिकटवून घ्या आणि उभ्या पट्ट्या मारायच्या असतील तर आत्ताच मारा. फोमसकट शिवलं की तुकडा सगळ्या बाजूंनी थोडा आक्रसतो, म्हणून मधला भाग आधी मोठा कापा, पट्ट्या मारा, आणि मग त्याच्यावर पॅटर्न ठेवून नेमका कापा. हे उलट केलं की तुकडा लहान पडतो.

मग कडेचे तुकडे जोडा. प्रत्येक जोड मध्यावरून सुरू करून दोन्ही टोकांकडे न्यायचा, एका टोकाकडून दुसऱ्याकडे नाही. कारण खालचा थर वरच्यापेक्षा थोडा जास्त सरकतो, टोकाकडून गेलात तर सगळी चूक शेवटच्या कोपऱ्यात जमा होते. मार्जिनमध्ये तुम्ही मारलेल्या रेघा जुळतायत का ते दर चार इंचाला बघा. वळणावर मार्जिनला छोट्या खाचा द्या, शिलाईच्या आधी दोन-तीन मिलीमीटर थांबा. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके मागे-पुढे.

जोड झाला की मार्जिन एका बाजूला वळवून वरून एक शिलाई, दिसायलाही छान आणि ताकदही वाढते. ही प्रत्येक जोडानंतर लगेच मारा, तुकडा अजून सपाट असतो तोपर्यंत, नंतर तिथे मशीन पोचत नाही. वरची शिलाई वाकडी असेल तर सगळ्या जगाला दिसते, म्हणून पहिल्या सीटला दोरा रेक्झिनच्याच रंगाचा घ्या.

पायपिंग हवी असेल तर दीड इंची पट्ट्या कापा, त्यात चार मिलीमीटरची दोरी किंवा प्लास्टिकची बारीक नळी घालून मशीनला एका बाजूचा पाय लावून शिवा, मग ती दोन तुकड्यांच्या मध्ये घालून जोडा. कोपऱ्यावर पायपिंगच्या मार्जिनला पण खाचा लागतात. पहिल्यांदा करताय तर पायपिंग नाही केली तरी चालेल. चौकटीची क्विल्टिंग तर अजिबात नको, एक रेघ चुकली की अख्खी सीट तिरकी दिसते.

शेवटी आतले नेफे. जुन्या कव्हरचे कापडी नेफे चांगले असतील तर उसवून तेच लावा, नाहीतर ताडपत्रीच्या कापडाच्या पट्ट्या. जुन्या जागेवरच, अर्धा इंचही इकडे-तिकडे नाही, कारण स्पंजमधली खाच तिथेच आहे.

चढवणं

इथे मात्र आपलं ऊन कामाला येतं. मोठी दुकानं हीट गन वापरतात, मी दुपारी बारा वाजता शिवलेलं कव्हर गच्चीवर सतरंजीवर पसरलं, उलटी बाजू वर करून, अर्ध्या तासात रेक्झिन इतकं मऊ झालं की विचारू नका. स्पंजला कपड्याच्या दुकानातली मोठी पातळ पिशवी घाला म्हणजे कव्हर अडकत नाही, सरकत जातं, आणि जागेवर बसलं की पिशवी फाडून ओढून काढा. तारा नेफ्यात ओवा. आधी मधल्या खाचेतल्या रिंगा मारा, मध्यापासून बाहेर, मग सीट उलटी करून गुडघ्याने स्पंज दाबून खालच्या कडा ओढा आणि पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आलटून-पालटून रिंगा मारा. रिंगा मारायची खास पक्कड मिळते, नसेल तर जुन्या पकडीच्या जबड्यात ग्राइंडरने खाच पाडून घ्या, मी तेच केलं. केबल टाय लोक लावतात, तात्पुरते ठीक आहेत, आपल्या उन्हात कडक होऊन तुटतात.

थोड्या सुरकुत्या राहतीलच. आणखी दोन दुपारी उन्हात ठेवा, हाताने कडेकडे चोळा, बऱ्याच जातात. जिथे जात नाहीत तिथे कव्हर मोठं झालंय किंवा स्पंज कमी आहे, रिंगा काढून आत पातळ फोमचा थर सरकवा.

दारांचे पॅड यापेक्षा सोपे, जुना हार्डबोर्ड आखून नवा कापा, क्लिपांची भोकं पाडा, रेक्झिन ताणून मागे दोन इंच वळवून चिकटवा. छताचं कापड मात्र पहिल्या वेळेस करू नका, डोक्यावर गोंद पडतो आणि चूक रोज वर दिसते.

सीट परत बसवताना चारही बोल्ट आधी हाताने दोन-दोन आटे फिरवा आणि मगच घट्ट करा, नाहीतर चौथा भोकात येत नाही. बेल्टचं बक्कल कव्हरखाली अडकलं नाही ना ते बघा, सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून लॉक टकटक बसतोय ना ते बघा. आठवडाभर गाडी चालवली की बोल्ट परत एकदा आवळा, आणि सीट उलटी न करता खालून हात घालून रिंगा चाचपा, माझ्या दोन सुटल्या होत्या. आणि सीटखाली पुन्हा सरकी दिसली तर समजा उंदराला नवीन कव्हर आवडलंय, लगेच पिंजरा लावा, त्याला पायपिंगची दोरी फार आवडते.